टाकीवरचं लाल फडकं

रिटायर झालो आणि दुसऱ्याच सोमवारी मला भीती वाटायला लागली. साडेनऊला पेपर वाचून संपला, चहा दोनदा झाला, आणि पुढे अख्खा दिवस आ वासून उभा. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत मी तीस वर्षं सेफ्टीचं काम केलं. तिथे माझ्या ओरडण्याने माणसं दचकायची. घरात बायको केर काढायला आली की पाय वर घेणं एवढाच माझा उपयोग. आज ना उद्या ही मला कंटाळणार, याची खरोखर धास्ती होती.

म्हणून ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत जी कामं कुणी घेईना ती मी मागून घेतली. जिन्यातले बल्ब, गळके नळ, गच्चीचं कुलूप. सेक्रेटरी खूश, फुकटचा माणूस मिळाला! जमिनीखालची पाण्याची टाकी धुवायची निघाली तेव्हा ते म्हणाले, माणूस लावू. मी म्हटलं, उभा जन्म टाक्यांपाशी गेला, मला काय शिकवता?

कंपनीत नियम होता. टाकीत माणूस उतरला की तोंडाशी लाल फडकं बांधायचं आणि वर एक माणूस बसवायचा. फडकं दिसलं की मॅनेजरसुद्धा झाकणाला हात लावत नसे. पण भरदुपारी सोसायटीत माणूस कुठून आणू? कुणी वाशीच्या मार्केटला, कुणी फॅक्टरीत. बायकोला सांगितलं असतं तर तिने उतरूच दिलं नसतं. मग नुसतं फडकं बांधलं झाकणाच्या कडीला, आणि लोखंडी शिडीने खाली गेलो. फडकं आहे म्हणजे झालं, असं मला वाटलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

कोपऱ्यातला गाळ काढत होतो आणि अचानक अंधार झाला. वर झाकण आपटलं, मग काहीतरी जड सरकवल्याचा आवाज. मी ओरडलो. माझाच आवाज भिंतींवरून परत अंगावर आला. चाचपडत शिडी गाठली, वर चढून झाकणाला खांदा लावला. ते ढिम्म हललं नाही. तेवढ्यात पाइपातून हवा सुटली आणि धो धो पाणी पडायला लागलं. चारचं पाणी आलं होतं. टाकी भरली की पाणी बंद करणारा फुगा मीच सकाळी दुरुस्तीसाठी काढून ठेवला होता.

तीस वर्षं मी दुसऱ्यांना टाकीत उतरवलं, स्वतः एकदाही उतरलो नव्हतो. आतला माणूस सारखा विचारायचा, "सायेब, हाय ना वर?" आणि मी खेकसायचो. शिडीची खालची पायरी बुडाली. मग दुसरी. देवाचं नावही सुचेना. मी बायकोलाच हाका मारत राहिलो, वेड्यासारखा. तिसरी पायरी बुडाली तेव्हा माझा घसा बसला होता.

झाकण उघडलं ते तिनेच. मला शोधत खाली आली, आणि झाकणाजवळ माझ्या चपला दिसल्या. शेजारी तळमजल्यावरच्या वहिनी रडत उभ्या. "मीच लावलं ओ काका! लाल कापड बघितलं, म्हटलं डेंजर असंल. पोरं पडतील म्हणून वर कुंड्यापन ठेवल्या." त्या बाईवर मी कशाला चिडू?

घरी येताच बायकोने टॉवेल आणला. ती माझं डोकं खसाखसा पुसायला लागली. मी पुटपुटलो, "काहीतरी उपयोगी पडावं म्हणून गेलो गं."

"अहो, कंपनीचा भोंगा अवेळी वाजला की मी दारात येऊन उभी राहायचे," ती म्हणाली. "तीस वर्षं. तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी म्हटलं, सुटले बाई. तुम्ही घरात नुसते बसा. मला तेवढा उपयोग पुष्कळ झाला."

ती तीस वर्षं घाबरत होती, आणि मला, सेफ्टीवाल्याला, त्याचा पत्ताही नव्हता.