खांबापासून खांबापर्यंत

मॅरेथॉनचा बत्तिसावा किलोमीटर आमच्या गल्लीच्या तोंडाशी येतो आणि माणसं नेमकी तिथंच रडकुंडीला येतात. दरवर्षी मी तिथं खुर्ची टाकून बसते. आजूबाजूचे लोक ओरडत असतात, ‘आलंच आता, आलंच!’ अहो, दहा किलोमीटर उरलेत, आलंच कसलं? पळणाऱ्याशी खोटं बोलू नये, हे मला टायपिंगबाईंनी शिकवलं. तशा त्यांनी मला तीनच गोष्टी शिकवल्या, पण त्या जन्मभर पुरल्या.

बाई माझ्याहून फक्त चार वर्षांनी मोठ्या. मी बी.ए. होऊन घरात माशा मारत बसले होते, तेव्हा वडिलांनी मला त्यांच्या क्लासात घातलं. वह्या-पेन्सिलींच्या दुकानावरची एक लांबट खोली, दहा यंत्रं, प्रत्येकावर रेक्झिनचं झाकण. सात नंबरच्या यंत्राची एक कळ अडकायची, म्हणून उशिरा येणाऱ्याला तेच मिळायचं. बाई पाठीमागं उभ्या राहून खिडकीच्या चौकटीवर पट्टीनं ठेका धरायच्या. ए एस डी एफ जी एफ. ए एस डी एफ जी एफ. कुणी घाई केली की म्हणायच्या, “वेग मागू नकोस. एकसारखेपणा माग. वेग मागनं आपसूक येतो.” कळांकडे बघितलं की बोटांवर पट्टी. पुढं मी विमा कंपनीत लागले, तिथली साहेबीण झाले, तरी त्यांना ‘अहो बाई’ आणि मला ‘अगं ए’ हे काही बदललं नाही.

पळायचं खूळ आमच्यात आणलं ते औषधाच्या दुकानातल्या माझ्या मैत्रिणीनं. पन्नाशीत तिला साखर निघाली. दिवसभर दुसऱ्यांना गोळ्या देणारीला स्वतः गोळी घ्यायचं जिवावर आलं, म्हणून ती चालायला लागली. तिच्या नादानं मी, माझ्या नादानं बाई. एव्हाना संगणक आले होते आणि बाईंची यंत्रं भंगारात गेली होती. वेळ जाता जात नव्हता त्यांचा. दोन वर्षांत आम्ही बायका चालण्यावरून पळण्यावर आलो आणि शर्यतीत नावं घालायला लागलो. बाईंनी मात्र नाव कधीच घातलं नाही.

“छातीला नंबर चिकटवायला मी काय पाकीट आहे?” म्हणायच्या. “परीक्षा तुमची. मी सुपरवायझर.”

त्या बत्तिसाव्या किलोमीटरवर उभ्या राहायच्या. आमच्यातली जी कुणी येईल तिच्या शेजारी पळत तिला शेवटच्या वळणापर्यंत न्यायच्या आणि वळणावरून परत फिरायच्या. वाटेत शाबासकी नाही, गप्पा नाहीत. फक्त मोजणं. ए एस डी एफ जी एफ, सहा पावलं. रस्त्यावरचा दिवा आला की तोंडानं ‘टिंग’, यंत्राची ओळ संपत आल्यावर घंटी व्हायची तशी. टिंग झालं की खांदे सैल सोडायचे, हात झटकायचे आणि नवी ओळ सुरू. एकदम दहा किलोमीटर कुणी पळत नाही, बाई म्हणायच्या, माणूस एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळतो. पायांकडे बघायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही, मागं तर अजिबात नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी चार मिनिटांनी हुकले. सहा तास झाले की शर्यत बंद करतात. मी पोचले तेव्हा शेवटच्या रेषेवरची कमान खाली उतरवून तिची गुंडाळी चालली होती, आणि एका माणसानं मला “बाजूनं जा, मावशी” म्हणून सांगितलं. ते ‘बाजूनं जा’ वर्षभर माझ्या डोक्यात बसलं. त्यात गुडघ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, अजून एकदा पळा हवं तर, त्यानंतर जिनासुद्धा कठडा धरून. घरी आमचे हे म्हणाले, “या वर्षी निदान झाडूवाल्यांच्या पुढं राहा.”

पुढच्या वर्षी मी पुन्हा उतरले, तेव्हा बत्तिसाव्यावर बाई उभ्या होत्या. वेळ जेमतेम हातात होता. सदतिसाव्याला माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्याकडेचं रेलिंग धरून उभी राहिले.

“बाई, संपलं माझं.”

“ओळ अर्धी टाकून उठायचं नाही.”

“अहो, पाय उचलत नाहीये.”

“मग नको उचलू, घासत चल. पण मोज. मोठ्यांदा, मला ऐकू आलं पाहिजे.”

मी मोजायला लागले. आधी दोघींचा आवाज होता. बाई माझ्या डाव्या खांद्यामागं अर्धं पाऊल. खांब येत होते, जात होते. मग कधीतरी मला वाटलं, बाई हळू मोजतायत, दम राखतायत. मागं बघायची सोय नव्हती. शेवटचं वळण आलं तेव्हा मनात म्हटलं, आता फिरल्या असतील परत. पुढं कमान उभी होती. मी तिच्याखालून गेले तेव्हा सहा तासांना बावन्न सेकंद कमी होते.

पाणीही न पिता मी उलटी निघाले. वळणावर बाई नव्हत्या. त्याच्या मागं चारेकशे मीटरवर, एका खांबाशी, फुटपाथच्या कडेला बसल्या होत्या. एक बूट काढलेला, घोटा सुजून नारळाएवढा. गटाराच्या झाकणाच्या कडेवरून पाऊल मुरगळलं होतं.

“पोचलीस?”

“पोचले. तुम्ही इथं कधीपासून?”

“वळणाच्या अकरा खांब आधीपासून.”

अकरा खांब मी एकटीच मोजत होते. माझं डोकंच फिरलं. “हाक मारायला काय झालं होतं?”

“मारली असती तर तू थांबली असतीस.”

“थांबलेच असते!”

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या. “रिक्षा बघ आता, आणि माझा बूट घे.”

घोट्याचं लिगामेंट तुटलं होतं. सहा आठवडे प्लास्टर, आणि त्यानंतर बाई कुणाबरोबरच पळाल्या नाहीत. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, त्यामुळं मला जास्तच लागलं. प्लास्टरमध्ये असतानाच त्यांनी माझ्या मैत्रिणीबरोबर एक चिठ्ठी पाठवली. भंगारातून राखून ठेवलेल्या सात नंबरच्या यंत्रावर टाइप केलेली: ‘वेळ ५.५९.०८. चुका एक. शेवटच्या वळणावर घड्याळ पाहिले.’

मी तडक बाईंच्या घरी जाऊन विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

“क्लासातही शेवटच्या ओळीला बघायचीसच की.”

आता मी शहात्तर आणि बाई ऐंशीच्या. त्या लांब, पुतणीकडे राहतात. शर्यतीच्या सकाळी मी फोन लावून रस्त्याकडे धरते आणि त्या नुसते पाय ऐकतात. यंदा गर्दी ओसरल्यावर एक चाळिशीची बाई फरपटत आली. कुणी सोबत नाही, डोळे बुटांवर.

“ही कोण पाय ओढतेय?” फोनमधून आवाज आला. “ठेका नाही काही नाही. जा बरं तिच्याबरोबर.”

“बाई, मला काठी लागते.”

“एका खांबापुरतं विचारतेय मी.”

उठले. काठी टेकत, फोन पुढं धरून तिच्याशेजारी निघाले. ती इतकी हळू होती की माझीही चाल पुरली. फोनमधून बाई मोजत होत्या, आणि दहा पावलांत ती पोरगी काही न विचारता त्यावर पाय टाकायला लागली. खांबाशी ‘टिंग’ झालं. मी म्हटलं, “खांदे सोड. हात झटक. आता पुढचा खांब. दहा किलोमीटर आहेत अजून, पण तू खांबच मोज.” तिनं मान हलवली आणि गेली.

मी खांबाला टेकून उभी राहिले.

“गेली?” बाईंनी विचारलं.

“गेली.”

“मागं बघितलं का?”

“नाही.”

“मग पोचेल,” बाई म्हणाल्या. “तू जा, बस आता.”