सेफ्टीबद्दल मामाजी जे बोलले होते

मामाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात होते. आई एवढंच म्हणाली, "मोठे मामाजी गेले... सकाळी चहा मागतला आन् गेले." मी वर्ध्याला पोचले तोवर सगळं उरकलं होतं. माझ्या वाट्याला आली ती शोकसभा, आणि तिथे ऐकलेलं एक वाक्य गेले पाच आठवडे मला स्वस्थ बसू देत नाही. गावातले बंदुकांचे दुकानदार, ज्यांना सगळे शेठ म्हणतात, माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "जिल्ह्यात नवी रायफल आली तेव्हा सर्वात आधी तिच्यावर विश्वास ठेवला तो आपल्या मिस्त्रींनी." मिस्त्री म्हणजे मामाजी. लोकांनी माना हलवल्या. शेजारी बसलेल्या मामीजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते वाक्य धडधडीत खोटं आहे. आणि ते ज्या कागदाच्या जोरावर बोललं गेलं, तो कागद माझ्या हातचा आहे.

मामाजी बंदुका दुरुस्त करायचे. तरुणपण जबलपूरच्या कारखान्यात काढून ते परत आले आणि घराच्या पुढच्या खोलीत परवाना टांगून बसले. गिऱ्हाईक म्हणजे पीक राखायचा परवाना असलेले शेतकरी, सेलूपासून पार कारंजापर्यंतचे. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, यांनी शेतं तुडवली की हे लोक हवेत बार काढत. निवडणुका आल्या की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या आणि परत मिळाल्यावर गंज चढलेल्या अवस्थेत मामाजींच्या खोलीत यायच्या. शोकसभेत त्यांना 'पट्टीचे शिकारी' असंही म्हणून झालं. या माणसाने जन्मात एक ससा मारला नाही! कुणीही बंदूक हातात दिली की ते आधी बोल्ट मागे ओढत आणि नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे करंगळी घालून पाहत. आत काही नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. मी एकदा म्हटलं, "मामाजी, आत्ताच तर पाहिली तुम्ही." ते म्हणाले, "डोये फसवते पोरी. बोट नाई फसवत."

मी बारावीत होते त्या उन्हाळ्यात शेठ ती रायफल घेऊन आले. कुठल्याशा नव्या कारखान्याची, चकचकीत, अक्रोडाच्या रंगाचा लाकडी दस्ता. मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला मराठीत चारचौघांत बोलायची लाज वाटे, आणि इंग्रजीत बोलायला समोर कुणी नसे, म्हणून मी बहुतेक गप्पच असायची.

"मिस्त्री, तुमी हो म्हनलं की लोक डोये मिटून घेते," शेठ म्हणाले. "कंपनीले इंग्रजीत चार ओळी लिहून पायजे. द्या लिहून."

"पायल्याबिगर?"

"पाहा नं! आठ दिवस ठेवा. तुमची भाची आहे न इंग्लिश मिडियमची, ते लिहिन."

मामाजींनी खरोखर आठ दिवस घेतले. परवान्याचे कागद खिशात ठेवून, रायफल पोत्यात गुंडाळून ती लुनाच्या मागे बांधली आणि केळझरपर्यंत खड्ड्याखड्ड्यांतून नेऊन आणली. "आपला शेतकरी काई हिले मखमलीत ठेवनार नाई." मे महिन्याच्या दुपारी ती गच्चीवर टाकली आणि मग तापलेला बोल्ट ओढून पाहिला. तुरीच्या भुशात घोळली. एका ओळखीच्या शेतात, मातीच्या बांधाला तेलाच्या पिप्याचं झाकण लावून पाच गोळ्या मारल्या. पाचही तळहाताएवढ्या जागेत बसल्या. मामाजी खूश झाले, नळीवरून हात फिरवत म्हणाले, "नयी सच्ची आहे. बनवनाऱ्याले नयी समजते." घरी आल्यावर मात्र त्यांनी रिकाम्या रायफलीची सेफ्टी, म्हणजे चाप अडवून धरणारी कळ, लावली, चाप दाबला, सोडला आणि मग सेफ्टी काढली. कट् असा आवाज झाला. चापाला बोट लागलेलं नसताना! आत गोळी असती तर सुटली असती. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा केलं. कधी व्हायचं, कधी नाही. त्यांचा चेहरा उतरला. "कधी होते, कधी नाई, हेच वाईट," ते म्हणाले. "मानूस भरवशावर राहाते."

त्या संध्याकाळी त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि सांगितलं, "लिव. नयी चांगली आहे. दस्ता चांगला आहे. सेफ्टी खोटी आहे. हे बंदूक अशीच्या अशी कोनाले इकू नका, कोनाचा तरी जीव जाईन. मी बोलतो तसंच लिवजो."

मी तसं लिहिलं नाही. शाळेत आम्हाला पत्र लिहायला शिकवलं होतं: आधी कौतुक, मग सूचना, आणि सूचनाही अशी की कुणाला टोचू नये. मोठ्या माणसांना 'विकू नका' असं लिहिणं मला उर्मट वाटलं. मी नळीबद्दल सुंदर परिच्छेद लिहिला, दस्त्याबद्दल लिहिला, आणि शेवटी एक ओळ टाकली, जिचा अर्थ 'सेफ्टीकडे थोडं लक्ष दिल्यास बरं होईल' एवढाच होतो. मामाजींना इंग्रजी अक्षरं वाचता येत, वाक्य नाही. सही करण्याआधी त्यांनी विचारलं, "मी बोललो तसंच लिवलं नं?"

मी मान डोलावली.

शेठनी ती शेवटची ओळही ठेवली नाही. वरचा भाग मराठीत करून, खाली मामाजींची सही छापून, काचेच्या चौकटीत दुकानात लावला. मामाजी त्या दुकानात कधी जात नसत. रायफली विकल्या गेल्या. दुसऱ्या वर्षी कारंजाकडचे एक शेतकरी पायाला पट्ट्या गुंडाळून, जावयाच्या आधाराने खोलीत आले. अंगणात सेफ्टी काढताना गोळी सुटली होती, दोन बोटं गेली होती. शिवी न देता ते म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या कागदावर घेतली होती मी."

मामाजींनी आतून मूळ कागदाची नक्कल आणली आणि माझ्यासमोर धरली. "वाच. मराठीत सांग." मी सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील... त्यांनी कागदाची घडी घातली. मग त्या शेतकऱ्यांना म्हणाले, "चूक माही आहे भाऊ. सही माही आहे." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही कधी नाही.

ते शेठकडे गेले, चौकट काढा म्हणाले. शेठ हसले, म्हणाले, "लोकायले सेफ्टी वापरता येत नाई, त्याले कंपनी काय करन?" मग पुढचं दीड वर्ष मामाजी लुनावर गावोगाव फिरले. ज्याने ज्याने ती रायफल घेतली त्याच्या दारात जाऊन, सेफ्टीचा आतला तुकडा स्वतः घडवून बसवून दिला. एकाकडूनही काही घेतलं नाही. आणि यात मला सर्वात जास्त संताप कशाचा येतो सांगू? लोकांना वाटलं, ही शेठच्या दुकानाची घरपोच सेवा आहे. शेठनी तो समज तसाच राहू दिला. उद्या त्या माणसाच्या कष्टांचं श्रेयही माइकवर कुणी घेईल.

शोकसभेनंतर मी त्या दुकानात गेले. चौकट अजून भिंतीवर आहे. मी, जिला गिऱ्हाईक म्हणूनही आवाज चढवता येत नाही, म्हटलं, "ही काढा." शेठ म्हणाले, "बाई, मिस्त्रींची आठवन आहे ते. राहू द्या." मी परत आले. पण ही आठवण नाही. हा त्यांचा शब्द नाही. त्यांचा शब्द मी इथे छापायला देते आहे, आणि ज्यांनी तो कागद वाचून ती रायफल घेतली त्यांनी तो वाचावा.

पाठवण्याआधी हा मजकूर मी मामीजींना वाचून दाखवला. त्या पुढच्या खोलीत मामाजींच्या स्टुलावर बसल्या होत्या. शिकंजा तसाच टेबलाला आवळलेला, त्याच्या जबड्यात एक अर्धवट घासलेला तुकडा. वाचून झाल्यावर त्यांनी तो तुकडा बोटाने चाचपला आणि विचारलं, "हे बोलले होते तसंच लिवलं नं?"

मी मान डोलावली नाही. पान पुन्हा हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं: सेफ्टी खोटी आहे. हे बंदूक अशीच्या अशी कोनाले इकू नका, कोनाचा तरी जीव जाईन.

"हो," मामीजी म्हणाल्या. "असेच बोलत."