सोनपाणी

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलींना नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर — ते पुढे येईलच. तुम्ही समोर बसला आहात असं धरून बोलते. मध्येच थांबले तर थांबू द्या, मला हे सलग सांगता येत नाही.

सगुणाबाई गेल्या तेव्हा त्यांनी नव्वदी कधीच ओलांडली होती. आमच्या गावात त्या आल्या पाळकसाहेबांची बायको म्हणून, एकोणीसशे पन्नासनंतरच्या पहिल्या काही वर्षांत. चांदा आणि गडचिरोली तेव्हा एकच जिल्हा. आमचं गाव गोंडपिपरीच्या बाजूला, तलावाकाठी. तलावातली मासोळी आणि पाळीखालचा, म्हणजे तलावाच्या बांधाखालचा धान, यावर आमची ढिवरांची घरं जगायची. ख्रिस्ती घरं मोजकीच, गावाच्या टोकाला. पोरांना सरकारी शाळा होती. पोरींना काय होतं? शेण होतं, पाणी होतं, धाकटी भावंडं होती. बाईंनी आपल्या घराच्या छपरीत पोरींचा वर्ग सुरू केला. घरोघरी फिरून, बायांच्या शिव्या खाऊन त्यांनी आम्हाला गोळा केलं.

मोहफुलांच्या दिवसांत आमच्याकडची पोरं शाळेत दिसत नाहीत. पहाटे फुलं गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. बाई रागावल्या नाहीत. उजाडायच्या आत त्याच मोहाखाली येऊन उभ्या राहिल्या. आम्ही वाकून फुलं वेचायचो आणि बाई या झाडाखालून त्या झाडाखाली फिरत आमच्याकडून पाढे म्हणून घ्यायच्या. स्वतः एका फुलाला हात लावायच्या नाहीत, कारण कुठलं झाड कोणाच्या घराचं हे त्यांना आमच्याइतकंच पाठ होतं. एकदा मी विचारलं, "बाई, अंधारात येता, वाघाचं भेव नाई वाटत?" त्या म्हणाल्या, "तो आपल्या रस्त्यानं जाते, मी माह्या. तू सातचा पाढा म्हन." मी असं माणूस त्याआधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यानंतरही नाही.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या जातीत तेव्हा ख्रिस्ती घरचं पाणीसुद्धा चालत नसे. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून मान्यही नव्हतं. पण वर्ग टिकायचा तर या पोरींच्या तोंडात आपल्या घरचा कण जाता कामा नये, हे त्यांनी ओळखलं होतं. छपरीतली पाण्याची घागर माझी मैत्रीण यमुना भरायची. बाई त्या घागरीला शिवत नसत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या छपरीत! मी पुढे चाळीसेक वर्षं मास्तरीण होते, पण पोरींच्या शिक्षणासाठी इतका अपमान गिळणं मला जमलं असतं का? नसतं जमलं.

नाताळ आला की त्यांच्या घरातून अनारशांचा वास यायचा. मी एकदा तोंड वेंगाडून मागितला. "तुह्या घरी चालत नाई ना," बाई म्हणाल्या, "मी नाई देनार." संपलं. पण मी तेव्हाही भारी आगाऊ. एका दुपारी बाई छपरीत पोरींना बाराखडी गिरवून घेत होत्या, पाळकसाहेब दुसऱ्या गावी प्रार्थनेला गेले होते, आणि मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले. भूक लागली होती म्हणून? नाही हो. पेज पिऊन आले होते. चटक होती, नुसती चटक.

डबा उघडला, एक अनारसा खाल्ला. दुसरा तोंडात कोंबून मागच्या दारातून बाहेर पडले, तर समोर तलावावरून येणारी माझी काकू. डोक्यावर ओलं जाळं.

"काऊन गेली होतीस तिथी? काय खाल्लीस?"

इथेच — इथे मी थांबते नेहमी. मनातसुद्धा.

मी म्हणाले, "बाईनं धरून खाऊ घातलं. म्हने, आता तू आमची झाली."

एवढं सफाईदार वाक्य मला कुठून सुचलं? कोणी शिकवलं नव्हतं. घरातल्या बाया जे भय बोलून दाखवायच्या, तेच मी त्यांच्या हातात आयतं दिलं. मी मार चुकवत होते, बाकी काही नाही. थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि मी आपण होऊन खाल्लं असं कळलं असतं तर घर वाळीत पडलं असतं, हेही खरं. पण ते मला त्या वेळी सुचलं नव्हतं. ते कारण मी पुढे, मोठेपणी शोधून काढलं.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर जातीची पंचाईत बसली. बाईंना बोलावलं. त्या आल्या, सोबत पाळकसाहेब. मला मध्ये उभं केलं होतं आणि मी जमिनीकडे पाहत होते. म्होरक्यानं विचारलं, "बाई, तुमी या पोरीले खाऊ घातलं का?"

पाळकसाहेब बोलायला पुढे झाले. बाईंनी त्यांची बाही धरली. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी सांगू शकत नाही. राग असता तर बरं झालं असतं. डब्याचं झाकण उघडं राहिलेलं त्यांनी पाहिलं असणारच, मी काय केलं ते त्यांना कळलं असणारच. मी खरी ठरले तर सोनपाण्याच्या शुद्धीवर सुटेन आणि खोटी ठरले तर आमचं घर उठेल, हेही त्यांना कळत होतं.

"पोरगी लहान हाय," बाई म्हणाल्या. "जे झालं ते माह्या घरात झालं. तिले काई म्हनू नका. दोष मले लावा."

यात एक शब्द खोटा नाही. हे माझ्या ध्यानात यायला कितीतरी वर्षं गेली. ज्या बाई आम्हाला खोटं बोलल्याबद्दल छडी मारत, त्या स्वतः खोटं न बोलता माझ्या खोट्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. माणूस इतकं मोठं कसं होऊ शकतं?

काकूनं नथीतला सोन्याचा मणी पाण्यात बुडवला आणि ते पाणी मला पाजलं. मी शुद्ध झाले. करून सवरून नामानिराळी! आणि त्याच दिवसापासून आमच्यातली एकही पोरगी बाईंच्या छपरीत गेली नाही. यमुना आमच्यात सगळ्यात हुशार होती. गणित तिच्या तोंडावर असायचं, मी तिच्या पाटीवरून उतरवायचे. तिनं पुन्हा पाटी धरली नाही. दोन-तीन पावसाळ्यांत तिचं लग्न झालं.

बाईंनी गाव सोडलं नाही. रोज जंगलातून एकट्या चालत पलीकडच्या गोंडांच्या पाड्यावर जायच्या, तिथल्या पोरांना शिकवायच्या, गोंडी शिकून घेतली. पाळकसाहेब गेल्यावरही जात राहिल्या, पाय साथ देईनासे झाले तोवर. मला मात्र मूल गावच्या मामानं नेलं, शाळेत घातलं. मी शिकले, मास्तरीण झाले. नशीब बघा कोणाचं फळफळलं.

पहिला पगार झाल्यावर बाईंना भेटायला गेले. त्यांनी चहा केला, कप पुढे केला आणि मिश्किल हसत म्हणाल्या, "आता चालते ना तुले?" मी पण हसले. सगळं सांगायची ती वेळ होती, त्यांनी दार उघडून दिलं होतं. मी बशीत चहा ओतला आणि बदलीबद्दल बोलत राहिले.

बाईंच्या शोकसभेत मला बोलायला लावलं, जुनी विद्यार्थिनी म्हणून. मी सत्तरीला टेकलेली, बोलायची सवय असलेली. मी मोहाखालचे पाढे सांगितले, वाघाचं सांगितलं, लोकांचे डोळे भरून आले. मग मी म्हणाले, "पोरींची ती शाळा बंद पडली, कारण गाव अडाणी होतं. एका निष्पाप बाईवर गावानं खोटा आळ घेतला."

गावानं. असं म्हणाले मी.

यमुना पुढेच बसली होती, केस पांढरे झालेली, हाताची बोटं जाळं विणून वाकडी झालेली. सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि माझा हात धरून म्हणाली, "बराबर बोलली तू. आपलेच लोक अडानी. माहा बाप तं त्याहून. त्यानंच माही शाळा सोडवली, मी त्याले मरेपर्यंत माफ नाई केलं."

मी मान डोलावली. तिच्या पाठीवरून हात फिरवला.

पाळीवर मी लहान होते, घाबरलेली होते. शोकसभेच्या दिवशी मला कोणाचीच भीती नव्हती.