मामा नेटलाही दारं धरतात

पाणी आणि नेट या दोन गोष्टी ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या बारीलाच, म्हणजे पाळीलाच, मिळाल्या पाहिजेत, असं छातीठोक सांगणारा माझ्या बायकोच्या मामांसारखा दुसरा माणूस साऱ्या सातारा-सांगलीत मिळायचा नाही. आणि नेमकं त्याच माणसाच्या बारीचं नेट एका रविवारी सकाळी, परमुलखात, मी लॅपटॉपला पाजून मोकळा झालो. मुद्दाम नव्हे. कॉलेजच्या ऑफिसला एक मेल पाठवायची म्हणून मी फोनचा हॉटस्पॉट चालू केला, त्याला लॅपटॉप जोडला, मेल पाठवली आणि सगळं तसंच उघडं टाकून अंघोळीला गेलो. लॅपटॉप तेवढ्याचीच वाट बघत होता. सांगलीत गेले कित्येक महिने ‘नंतर, नंतर’ म्हणून मी त्याचे अपडेट टाळत आलो होतो; ते सगळे त्यानं एका दमात ओढून घेतले. मी टॉवेल गुंडाळून बाहेर येतो तो लॅपटॉप तृप्त, आणि फोनवर तिकडच्या भाषेत एक मेसेज. त्यातलं शून्य तेवढं मला वाचता आलं.

कॉलेजच्या ऑफिसात माझ्या टेबलावर कॉम्प्युटर असल्यामुळे दोन्ही घराण्यांत मी ‘कॉम्प्युटरमधला’ म्हणून गणला जातो, हेही इथंच सांगून टाकतो. लाज तरी पूर्ण वाटावी.

मामा शिराळ्याजवळचे. फौजेत सिग्नलमध्ये होते. तारा ओढायच्या, जोडायच्या आणि पलीकडचा माणूस जिवंत आहे का हे या टोकाला कळवायचं, यात त्यांची उमर गेली. रिटायर होऊन गावी आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी घरापासून मळ्यातल्या मोटरीच्या खोलीपर्यंत, झाडाझाडांवरनं वायर ओढली आणि दोन्ही टोकांना भंगारातून आणलेले दोन काळे, हँडलचे फोन बसवले. गावात मोबाईल आले, मामींच्या हातातसुद्धा आला, तरी चहा पाठवायचा हुकूम त्या काळ्या फोनवरूनच सुटायचा. रोज संध्याकाळी सहाला मामा मळ्यातून हँडल फिरवायचे. घरात मामींनी उचलला की म्हणायचे, “लाईन टेस्ट.” मामी म्हणायच्या, “हाय जित्ती.” संपलं बोलणं. एकदा मी विचारलं, “मामा, बोलायचं काहीच नसतं तर फोन कशाला करता?” माझ्याकडे त्यांनी नव्या भरतीच्या पोराकडं बघावं तसं बघितलं. “पाव्हणं, काम पडल्यावर लाईन टेस्ट केली तर ती टेस्ट न्हवं, ती बोंब. बोलायला काय नसतंय तवाच लाईन बघायची असती.” मामींना जाऊन चार वर्षं झाली. घरात उचलायला कोणी नाही. सहाला हँडल अजून फिरतं म्हणतात.

तर अशा माणसाला आमच्या लेकीनं जर्मनीला बोलावलं. ती तिकडे नोकरीला. आम्हा दोघांना जाणं भागच होतं, पण “आजोबांना आणल्याशिवाय येऊ नका,” असं तिनं बजावलं होतं. लेकीनं घर नुकतंच बदललेलं. नव्या घरात इंटरनेटची तार यायला तीन आठवडे लागणार होते. म्हणजे आम्हा तिघांत मिळून माझ्या फोनमध्ये घातलेलं तिकडचं एक सिम, त्यात महिन्याचं ठरलेलं नेट, आणि त्याच फोनवरून लॅपटॉपला जोडणी. मामांनी पहिल्या दिवशी ही व्यवस्था माझ्याकडून दोनदा समजावून घेतली आणि मान डोलावली. “म्हंजे विहीर ह्यो फोन. पाट म्हंजे त्यो तुमचा हाटस्पाट. आन् पिणारं जनावर लॅपटॉप.” त्या घटकेपासून ते आमचे पाटकरी, म्हणजे पाण्याच्या बाऱ्या लावून देणारे, झाले. उसाला पाणी पाजताना एका सरीचं दारं बांधून दुसरीचं फोडतात, त्याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. मामांनी नेटला दारं धरायला सुरुवात केली. फ्रिजवर कागद लागला. सकाळी सातला पाव्हणं, ऑफिसकाम, पंधरा मिनिटं. अकराला माझी बायको, बहिणीशी गप्पा, दहा मिनिटं, “उणंदुणं निघालं तर पाच.” मग मामा स्वतः, धरणात पाणी किती आणि शिराळ्यात पाऊस किती, एवढ्यापुरते. वेळ संपली की ते मागं येऊन उभे राहायचे आणि खाकरायचे. मी मेल अर्धी लिहिलेली असायची. “दारं बंद,” ते म्हणायचे, आणि मी पन्नाशी ओलांडलेला सुपरिंटेंडेंट निमूट हॉटस्पॉट बंद करायचो. “सातारची मानसं,” ते माझ्या बायकोला ऐकू जाईल असं पुटपुटायचे, “कृष्णेच्या वरल्या अंगाला राहत्यात, खालच्याला पानी जातंय का ह्येची फिकीर न्हाई.” मी मूळचा साताऱ्याचा असल्याचं त्यांनी लग्नात माफ केलं होतं, विसरले मात्र नव्हते.

फुकटच्या वायफायवर त्यांचा विशेष राग. विमानतळावर मी तिथलं फुकट नेट जोडायला लागलो तर त्यांनी माझा हातच धरला. “दुसऱ्याच्या विहिरीवर मोटर टाकायची न्हाई, पाव्हणं. आज पानी देतोय, उद्या बांध कोरंल.” हा नियम त्यांनी जन्मभर पाळला. मळ्यातली विहीर आटली त्या उन्हाळ्यात त्यांनी निम्मा ऊस वाळू दिला, पण शेजाऱ्याकडे एक बारी मागितली नाही. त्या शेजाऱ्यानं स्वतः येऊन “घ्या की” म्हटलं, तरी हे “बघू” म्हणून आत गेले.

लेकीच्या घराखाली एक म्हातारा राहायचा. मागच्या बाजूला त्याचा वाफ्यांचा तुकडा होता. टोमॅटो, बटाटे, कसल्या कसल्या शेंगा. डोक्याला गवती टोपी घालून तो झारीनं पानांवर पाणी शिंपडायचा. मामांनी हे गॅलरीतून तीन दिवस सोसलं. चौथ्या दिवशी ते खाली उतरले, त्याच्या हातातलं खुरपं घेतलं, वाफ्यातून सरी पाडली आणि नळी सरीच्या तोंडाशी धरून त्याला दाखवली: असं, मुळाला. एकाला मराठी आणि फौजी हिंदी, दुसऱ्याला जर्मन. पण पाऊण तासानं मी गॅलरीतून डोकावलो तर दोघं बांधावर बसून सरीतलं पाणी कुठवर गेलं ते बघत होते, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर तेच ते सुख होतं, जे मला कधी कळलेलं नाही.

आता त्या रविवारचं महत्त्व. तो नागपंचमीचा दिवस होता. पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडच्या बायका भावासाठी उपवास धरतात आणि पंचमीला नागाची पूजा करून सोडतात. मामांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगलीजवळ माधवनगरला असतात. मामा त्यांना आक्का म्हणतात. या आक्कांचा नियम एक पायरी पुढचा: भावाचं तोंड बघितल्याशिवाय उपवास सोडायचा नाही. मामा फौजेत असताना वर्दीतला फोटो चालायचा. रिटायर झाल्यावर आक्का म्हणाल्या, “आता फोटूचं काय काम, मानूस हाय की.” तेव्हापासून दर पंचमीला मामा सकाळच्या एसटीनं माधवनगर गाठायचे. या वर्षी एसटी पोहोचण्यासारखी नव्हती. म्हणून ठरलं होतं ते असं: इथले सकाळचे नऊ, तिथली दुपारची साडेबारा, व्हिडिओ कॉल, लॅपटॉपवर. लॅपटॉपच का, तर मामांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. “फोनवर आक्काचं तोंड सुपारीएवढं दिसतंय. लॅपटॉपवर ताटाएवढं दिसंल.” कागदावर त्या एकाच बारीभोवती लाल पेनानं चौकोन होता आणि तिच्यासाठी नेट राखून ठेवावं म्हणून शनिवारी सगळ्यांची दारं बंद होती. बायकोची चुळबुळ चालली होती. लेक ऑफिसच्या कामाला दुसऱ्या गावी निघताना बटाट्याची भाजी आणि चपात्या करून गेली होती. संध्याकाळी जेवताना मामांनी आपलं ताट माझ्याकडं सरकवलं. “पोट जड हाय. तुमी खावा, पाव्हणं.” अन्न टाकायचं नाही या संस्काराला जागून मी त्यांच्याही चपात्या खाल्ल्या.

आणि रविवारी पावणेनऊला मी टॉवेलवर, फोनमधलं शून्य बघत उभा.

बायकोनं फोन हातातून घेतला. “भरा की परत.”

“ॲपवरून भरायचं तर नेट लागतं.”

“मग दुकानात जा.”

“आज रविवार. इथं रविवारी सगळं बंद.”

“आणि तुमचं सांगलीचं सिम?”

“ते उगाच हरवेल म्हणून कपाटात ठेवून आलोय.”

बायकोनं फोन टेबलावर उपडा ठेवला. बायको बोलत नाही तेव्हा मला नीट ऐकू येतं. आक्कांचं वय ऐंशी, साखरेची गोळी चालू, आणि कालपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. साधा फोन त्या सिमवरून लागत नव्हता; लागला असता तरी आक्कांना आवाज नको होता, तोंड हवं होतं. त्या हट्टाला पेटल्या तर संध्याकाळपर्यंत तशाच बसून राहतील, हे त्यांच्या लेकीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मामा आतून आले. अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, कपाळाला गंध. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं, मग कागदाकडं.

“कुणी पिलं?”

मी लॅपटॉपकडं बोट दाखवलं. त्या घटकेला तेवढं धैर्य माझ्यात होतं.

मी शिव्यांची वाट बघत होतो. मामा खुर्चीत बसले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिले. मग उठले. लॅपटॉप मिटून काखोटीला मारला. “चला, पाव्हणं.”

“कुठं?”

“शेजारच्या विहिरीवर.”

मी घाईनं कपडे चढवले, आणि आम्ही मागच्या दारानं वाफ्यात उतरलो तेव्हा म्हाताऱ्यानं बटाटे काढायला फावडं उचललं होतं. मामांची चाल बदलली. एवढी घाई, तरी त्यांनी लॅपटॉप माझ्या हातात कोंबला आणि जाऊन फावड्याचा दांडा धरला. “आज न्हाई. पंचमी हाय. आज माती उकरत न्हाईत, गड्या.” आणि हाताचा फणा करून जमिनीखाली नाग कसा असतो ते त्याला दाखवलं. म्हाताऱ्याला काय समजलं देव जाणे. त्यानं बूट उचलून खालची माती न्याहाळली आणि फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. मग मामांनी लॅपटॉपकडं बोट केलं, नळाकडं केलं, नळाची चावी बंद केली आणि दोन्ही हात पालथे हलवले: संपलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, लांब आभाळाकडं दाखवलं, बोटांचा घास करून तोंडाशी नेला आणि मान हलवली. मी मध्ये पडून “मोबाईल, हॉटस्पॉट” एवढं म्हटलं. माझे ते दोन शब्द नसते तरी चाललं असतं असं मला आजही वाटतं. म्हाताऱ्यानं खिशातून फोन काढला, जरा खाटखूट केली आणि टोमॅटोच्या रोपाला लावलेली पाटी उपटून तिच्या पाठीवर पासवर्ड लिहून दिला.

“आधी त्या जनावराला मुसकी बांधा,” मामा म्हणाले. पिकात शिरणाऱ्या बैलाला बांधतात तशी मुसकी. मी लॅपटॉपचे अपडेट बंद केले.

नऊ वाजून वीस मिनिटांनी माधवनगर लागलं. बायकोच्या भावजयीनं तिकडं फोन धरला होता, आणि पडद्यावर आक्का ताटाएवढ्या दिसल्या. मागं भिंतीवर गंधानं काढलेला नाग, पुढं दूध-लाह्या. चेहरा उतरलेला, डोळे तेवढे लख्ख.

“लाईन टेस्ट,” मामा म्हणाले.

“येळ झाला रं.”

“पानी तुटलं हुतं. शेजाऱ्यानं दिलं.”

“तू मागितलंस?” आक्कांनी विचारलं.

“व्हय.”

आक्का फोनच्या अगदी जवळ आल्या. मग म्हणाल्या, “त्यो टोपीवाला त्योच का? ऱ्हावू दे त्याला हितं. त्येचंबी तोंड बघते.” म्हाताऱ्यानं टोपी काढून मान लववली. आक्कांनी दिंडाचा तुकडा मोडला, पुरण भरून वाफवलेला, कारण त्या दिवशी तवा चुलीवर चढत नाही, आणि तोंडात घातला.

“गिळलंस का? दाव.”

फौजेत औषधाची गोळी गिळली का ते तपासतात, तसं आक्कांनी तोंड उघडून दाखवलं. मामांनी मान डोलावली. आक्का खात होत्या, मामा बघत होते, आणि परक्या विहिरीचं नेट वाया जातंय याची त्या दिवशी त्यांना पर्वा नव्हती. शेवटी आक्काच म्हणाल्या, “ठिव आता. त्येचं पानी सरंल.”

वर आल्यावर मामांनी आधी ताट मागितलं, मी नजर चुकवून कोपऱ्यात बसलो, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत लॅपटॉपच्या हावरेपणावर बरंच बोललो. मामा गॅलरीत गेले तशी बायको माझ्या शेजारी येऊन बसली.

“लॅपटॉपला कशाला बोल लावताय,” ती म्हणाली. “मामांचं पोट दर वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशीच बिघडतं. मामींनी सांगितलं होतं मला. उपवास दोन्हीकडं असतो हे आईला अजून माहीत नाही, आणि तुम्हीही सांगायचं नाही. चपात्या खाल्ल्यात तेवढं पुरे.”