दादाला इंडिजंट ठरवताना

उमेळ्याला माझ्या माहेरी पैशांची टंचाई असे, पण ती सांगायची पद्धत ठरलेली होती. "यंदा जरा ओढ आहे." "हात आखडलाय." "थोडी अडचण आहे." म्हणजे आज आहे, उद्या नसेल. टंचाई महिन्याला चिकटायची, माणसाला नाही. माणसाला चिकटणारे इंग्रजी शब्द मी पन्नाशीत शिकले, माझ्या थोरल्या भावाच्या खुब्यामुळे.

दादा बागायतदार. बाग उरली आहे परसभर, थोडी केळी आणि थोडी पानवेल. बाकीच्या जागेवर इमारती आहेत आणि त्यांचे पैसे भावकीच्या वाटण्यांत आणि वडिलांच्या आजारपणात गेले. त्याच्या डाव्या खुब्याचा सांधा झिजला. बदलला नाही तर हा माणूस खाट धरणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

धावपळ माझ्याकडे आली, कारण घरात कामांची यादी करून ती पुरी करणारी मीच. मुंबईतल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात गरिबांसाठी राखीव खाटा असतात. खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पेशंट इंडिजंट की वीकर सेक्शन?" चहा की कॉफी विचारावं तसं. इंडिजंटला, म्हणजे निर्धनाला, सगळं फुकट, वीकरला अर्धं बिल. अर्धं बिल दादाला झेपणारं नव्हतं आणि विरारच्या फ्लॅटचे हप्ते भरून मलाही नाही. मी म्हटलं, "इंडिजंट."

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मिळवला. उरली हॉस्पिटलच्या सोशल वर्करची घरभेट. मी वहिनीला फोनवर बजावलं, "जसं आहे तसं दिसू दे. उगाच काही मांडू नकोस."

वहिनीने ओटी धुतली, रांगोळी काढली, शेजारून चांगले कप आणले. चहाबरोबर सुकेळी ठेवली, म्हणजे राजेळी केळी उन्हात सुकवून ती स्वतः करते आणि वसईच्या बाजारात विकते ती. वर निघताना त्या बाईंच्या हातात सुकेळीचं एक पुडकंही दिलं.

"वन्सं, मॅडम खूश होऊन गेल्या," तिने मला कळवलं. "घरी आलेल्या माणसाला कोरडं कसं पाठवायचं?"

चार दिवसांनी मॅडमचा मला फोन. आवाज गोड, वय माझ्या मुलीएवढं. "फॅमिली खूप जेन्युइन आहे हो. पण डिझर्व्हिंग नाही वाटली. यू नो, आमच्याकडे खूप नीडी लोक वेटिंगला असतात."

"सुकेळी कशी होती?" मी विचारलं.

"अमेझिंग!"

मी भांडले, वरच्या साहेबांकडे गेले, दुसरी घरभेट मंजूर करून घेतली. या वेळी आदल्या दिवशीच उमेळ्याला जाऊन राहिले. टीव्ही शेजारी पोचवला. ओटीवरचा झोपाळा उतरवून ठेवला. नवी चादर काढून जुनी घातली. दादा काठीवर रेलून बघत होता.

"काय गं, मी गेलो की काय? घर सुतकासारखं केलंस."

"ऑपरेशन करायचंय ना? मग गप्प बस."

"बसतो बाई. तूच सांग, रडू पण का थोडं?"

मॅडम आल्या. वहिनीने पाणी दिलं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक पिळत उभी राहिली. चहाचं आधण ठेवलेलं होतं. मी आत जाऊन गॅस बंद केला. मॅडमनी मोबाइल काढला. दादाला फोटोत हसायची सवय. "काका, हसू नका ना," त्या म्हणाल्या. "जरा खाली बघा. हं, असंच." दादाने खाली बघितलं.

आठवड्यात मंजुरी आली. ऑपरेशन उत्तम झालं. भरती होताना दादाने इंग्रजी कागदांच्या गठ्ठ्यावर दाखवतील तिथे सह्या केल्या, सगळेच करतात तशा. दोन महिन्यांत काठी सुटली.

मग गावातल्या मोबाइलवर तो फोटो फिरायला लागला. हॉस्पिटलने देणगीदारांसाठी जाहिरात काढली होती. खाली बघणारा दादा, मागे आमची रिकामी ओटी, आणि वर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत : निराधारांना पुन्हा पायावर उभं करताना. त्यांनी 'डेस्टिट्यूट' लिहिलं होतं. बायको, घर, परसात केळी असलेला माणूस.

मी हॉस्पिटलला फोन केला. "मॅडम, डोनर्सना दाखवावं लागतं," उत्तर आलं. "पेशंटची संमतीची सही आहे आमच्याकडे." आणि मग, समजूत घालावी तसं : "फोटोला रिस्पॉन्स फार छान आलाय."

छान येणारच. ज्या लोकांनी त्या बाईंना सुकेळी दिली, ते लोक त्यात कुठेच नव्हते.

गावात कुणी दादाला तोंडावर काही बोललं नाही. एका भावकीतल्याने मात्र पारावर सगळ्यांसमोर विचारलं, "काय शेठ, आमचंपण नाव घाला की तुमच्या यादीत." लोक हसले. दादाही हसला, असं वहिनी सांगते.

गणपतीत आमच्याकडे आळीतल्या प्रत्येक घरी दर्शनाला जायचं असतं. दादाने हे कधी चुकवलं नाही. काठी धरूनही तो गेलेला आहे. यंदा वहिनी एकटीच गेली. प्रत्येक घरी दादाचं विचारत होते, तेव्हा तिने सांगितलं, त्यांचा पाय दुखतोय.

पाय अजिबात दुखत नाही. दादा त्या वेळी परसात पानवेलीला पाणी देत होता, बादल्या उचलून.