लंकामावशीची एकच चाल

"हितंच हाय गं, हितंच हाय" हे गाणं तुम्ही ऐकलं असेलच. हळदीत ऐकलं असेल, गणपतीच्या मिरवणुकीत ऐकलं असेल, नाहीतर उसाच्या ट्रॅक्टरवर. आमच्या पाथर्डी तालुक्यात तर ते ऐकून ऐकून लोकांचे कान किटले. त्याला प्रेमाचं गाणं म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. नवरा-नवरी त्यावर हातात हात घालून नाचतात, मित्रमंडळी शिट्ट्या मारतात, आणि व्हिडिओखाली बदामांचा पाऊस पडतो. अहो, ते गाणं भीतीतून आलंय. एका चार वर्षांच्या पोरीने बांधावरून हलू नये, तिला काही होऊ नये, एवढ्याचसाठी ते आहे.

मी साखरशाळेवर शिकवते. ऊस तोडायला आलेल्या लोकांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपड्या, जिथे पडतात, तिथेच एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्या पोरांची शाळा भरते. लंकामावशी माझ्याच गावची. दसरा झाला की तिची टोळी प्रवरेच्या काठाला उतरते आणि तिच्या मागोमाग मीही तिथेच हजर होते.

मावशीचा नवरा लवकर गेला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला म्हणतात अर्धा कोयता. मुकादम तिला नावाने कधी बोलवायचाच नाही. "ए अर्ध्या कोयत्या" म्हणायचा, आणि ही निमूटपणे ओ द्यायची. मला ते ऐकवायचं नाही. ती मात्र म्हणायची, "म्हनू दे की बाई, खोटं थोडंच म्हनतो?"

तिचा गोरक्षनाथ नुकता चालायला लागला होता तेव्हाची गोष्ट. त्याला बांधावर बसवून मावशी उसात शिरली. उभ्या उसात दोन हातांवरचं माणूस दिसत नाही. पोराला आई दिसेना, ते शोधायला उठलं, आणि सापडलं ते विहिरीच्या अगदी काठाशी, आत डोकावून आईला हाका मारताना. त्या दिवसापासून मावशी काम करताना गायला लागली. गळा गोड म्हणून नव्हे. आपला आवाज पोराच्या कानावर सतत पडत राहावा, एवढंच तिला हवं होतं. कोयता चालतोय, मोळी बांधली जातेय, दम लागलाय, तरी गाणं चालूच. चालही एकच. "दुसरी चाल धरली की गोरक्षा रडायचा," ती सांगायची. "त्याला वाटायचं, ही कोन दुसरीच बाई हाय."

गोरक्ष मोठा झाला, त्याने स्वतः कोयता धरला, पंकजाशी लग्न केलं. त्यांना संस्कृती झाली. हे नाव मावशीच्या जिभेवर काही बसेना, म्हणून तिने पोरीला चिमी करून टाकलं. आणि चिमीसाठी जुनं गाणं परत सुरू झालं. फक्त आता विहिरीच्या जोडीला दुसरी भीती आली होती. या भागातल्या उसात बिबट्या असतो. असतो म्हणजे असतोच, त्यात ऐकीव काही नाही. फड तोडत आणला की तो उरलेल्या उसात सरकत जातो, आणि शेवटचा तुकडा उभा राहिला की तोडणारे दर घावाला आत डोकावून बघतात. मावशी तर सकाळी उसात पाय टाकायच्या आधी चिमीला दोन गोष्टी बजावायची. गाणं ऐकू येतंय तोवर बांधावर खेळायचं. भ्या वाटलं, तर गाणं जिकडून येतंय तिकडं यायचं.

ट्रॅक्टर चालवणाऱ्या कल्याणने एका दुपारी हे गाणं मोबाईलवर टिपलं आणि इंटरनेटवर टाकलं. मावशी दिसतसुद्धा नाही त्यात. नुसता ऊस हलतोय आणि आवाज येतोय. लोक वेडे झाले. भिंगारच्या बाजारात स्टुडिओ चालवणारा रविराज म्हणून एक पोरगा आहे, तो आमचं गाव शोधत आला, मावशीला स्टुडिओत घेऊन गेला. त्या आवाजाखाली त्याने धडाधडा ढोल टाकले आणि गाणं नव्याने सोडलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. सरपंचांनी शाल दिली, नारळ दिला, आणि माईकवरून तिला गानकोकिळा म्हणाले. मावशी शालीचं टोक चिमटीत धरून उभी होती. घरी येताना मला म्हणाली, "बाई, आता गाण्यावर भागलं, तर चिमीला घेऊन मी गावातच ऱ्हाईन. तिला फडावर न्यायलाच नको." तिच्या सगळ्या प्रसिद्धीत तिला हवं होतं ते एवढंच.

पण एका गाण्याने असं काही होत नसतं. दसऱ्याला टोळी निघाली तेव्हा मावशी आणि चिमी दोघीही ट्रकमध्ये होत्या.

त्यांच्याच ट्रकमधून मीही चालले होते. कारखान्याच्या रस्त्याला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की यंदा काहीतरी वेगळं आहे. प्रत्येक ट्रॅक्टरवर मावशीच गात होती. पुढून मावशी येतेय, मागून मावशी येतेय. टोळीतल्या बायका हसून हसून लोळल्या. मावशीही हसली.

ते हसू आठवडाभरही टिकलं नाही. एका सकाळी बांधावर कुत्रं आलं आणि चिमी घाबरली. घाबरल्यावर काय करायचं ते तिला पाठ होतं. ती गाण्याकडे निघाली. पण गाणं रस्त्याने चाललं होतं, भरलेल्या दोन ट्रॉल्यांच्या पुढे. पंकजा पाणी प्यायला बाहेर आली म्हणून तिला पोरगी दिसली. तिने धावत जाऊन दंड धरला तेव्हा चिमी रस्त्याच्या कडेला पोचली होती. ट्रॅक्टरवाल्याला यातलं काही कळलंही नाही.

त्या दिवशी मावशी जेवली नाही. माझ्याकडे येऊन बसली. "माझाच आवाज गं बाई," ती म्हणाली, "माझ्याच आवाजानं पोर नेली असती." मी तिला पाणी दिलं, त्यातलं निम्मं तिच्या लुगड्यावर सांडलं.

मग तिने तोड काढली. शब्द बदलले. "लांब न्हाई गं, लांब न्हाई" असं ती म्हणायला लागली. चाल बदलायचा तिने प्रयत्न केला, पण जन्मभर एकाच वाटेने गेलेला गळा, तो फिरून तिथेच यायचा. तिने चिमीला समोर बसवून घटवून घेतलं. "हितंच हाय" आलं की ती गाडीतली आजी. तिच्याकडं जायचं न्हाई, गप बसून ऱ्हायचं. "लांब न्हाई" आलं की ही खरी आजी. पोरगी हुशार. एकदा सांगितलं की धरायची.

इकडे रविराजचे फोनवर फोन. त्याच्या धंद्यात म्हणे रीतच आहे, एक गाणं चाललं की लोक विसरायच्या आत त्याच्यासारखंच दुसरं सोडायचं. "मावशी, नवीन पाहिजे," तो म्हणायचा, "पण अगदी तसंच पाहिजे." हे मला कधी समजलं नाही. जुनं तसंच हवं असेल तर जुनंच ऐका की! पण मला विचारतो कोण.

मावशी भिंगारला गेली. काय झालं ते तिनेच मला नंतर सांगितलं. काचेच्या बंद खोलीत उभं केलं, कानाला डबडी लावली. तिने देवीचं गाणं म्हटलं, ते नको. जात्यावरचं म्हटलं, तेही नको. रविराज काचेपलीकडून नुसती मान हलवत होता. मावशीला घाम फुटला. दुसरं गाणं जमलं नाही तर आपलं गावात राहणं गेलं, चिमीचं बांधावर बसणं काही सुटत नाही, हे तिला दिसत होतं. भ्यालेली मावशी तोंड उघडून जे म्हणते तेच तिने म्हटलं. लांब न्हाई गं, लांब न्हाई. रविराजने पलीकडे उडीच मारली.

"तिथंच तुझ्या मनात आलं नाही का?" मी विचारलं.

"आलं की," ती म्हणाली. "पर वाटलं, जुनं एवढं चाललंय, लोक तेच लावतील. ह्याला कोन इचारतंय? समदं तेच तर हाय."

लोकही तेच म्हणाले. गाणं आलं आणि खाली शेरे पडायला लागले. जुन्याच बाईला नवं पातळ. मावशी, कॅसेट पलटवा. एकाने तर दोन्ही गाणी एकावर एक लावून दाखवली, कुठे फटही दिसत नव्हती. मी ते शेरे वाचून संतापले. मावशीला वाचता येत नाही ते बरंच. तिचं लक्ष मात्र शेऱ्यांकडे नव्हतंच. ती दिवसभर रस्त्याकडे कान देऊन असायची. कुणाच्या ट्रॅक्टरवर ते नवं गाणं वाजतंय का, हे बघायची. वाजत नव्हतं. चार-सहा दिवस गेले, तिला थोडा धीर आला.

मग कल्याणने लावलं. आपल्या मावशीचं गाणं पडतंय याचं त्याला वाईट वाटलं होतं. म्हणून त्याने नवा भोंगा आणला आणि पहिल्यांदा आपल्याच टोळीच्या फडावर वाजवत आणला. दुपार कलली होती. फडाचा शेवटचा तुकडा उभा होता आणि मावशी त्याच्या पार पलीकडच्या अंगाला होती. मी शाळा सोडून पोरांच्या हजेरीच्या मस्टरवर मुकादमाची सही घ्यायला तिथे गेले होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मावशी भोंगा ऐकून उसातून बाहेर पळत आली. बांधावर चिमीची बाहुली होती, पाण्याची बाटली होती. चिमी नव्हती.

"बंद कर!" ती ओरडली. "कल्याण, बंद कर ते!" कल्याणला ते ऐकू जाईना. गोरक्षाने ट्रॅक्टरवर चढून वायर उपटली.

रस्त्यावर पोरगी नव्हती. विहिरीत डोकावलं, तिथे नव्हती. मग मुकादम पाटाच्या ओल्या मातीशी वाकला आणि झटकन सरळ झाला. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. चिमीची पावलं रस्त्याकडून परत वळून उभ्या उसात गेली होती. आणि त्याच ओल्या मातीत, थोडं बाजूला, गोल पंजे होते. ताजे की सकाळचे, हे कुणी बोलेना. पंकजाने तोंडात पदर कोंबला.

"समदे गप ऱ्हावा," मावशी म्हणाली. "मी म्हनते. माझं ऐकून ती येती."

ती उसाच्या तोंडाशी उभी राहिली आणि गायला लागली. लांब न्हाई गं, लांब न्हाई. ढोल नाही, भोंगा नाही. टोळी श्वास धरून उभी होती. मावशीने कडवं संपवलं आणि कान दिला. काही नाही. तिने परत धरलं, मग जुने शब्द धरले, हितंच हाय गं, हितंच हाय, मग दोन्ही एकात मिसळले. आवाज फाटला, नुसती फुंकर राहिली, तरी ती थांबेना. उसात एक पानही हललं नाही. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी कुणाची पाहिलेली नाही आणि परत पाहायची नाही.

गोरक्ष म्हणाला, "आये, बास." त्याने कोयता घेतला. बाप्ये ओळीने उभे राहिले आणि डबे बडवत आत शिरले.

पोरगी लगेच सापडली. इतकी जवळ होती की मला अजून ते आठवून घाम फुटतो. मावशी उभी होती तिथून चौथ्या सरीत, वाळल्या पाचटावर, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पंजे कुणाचे, केव्हाचे, तो प्राणी तेव्हा कुठे होता, हे कुणाला कळलं नाही आणि कुणी शोधायलाही गेलं नाही. पंकजाने पोरीला उराशी घेतलं, आधी मुके घेतले आणि मग पाठीत धपाटा घातला.

"आजी एवढी हाका मारती, आयकू न्हाई आलं?"

"आलं," चिमी म्हणाली.

"मग ओ का न्हाई दिली?"

"ती गाडीतली हुती." पोरीला आपलं काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. "मी गेल्ते तिकडं. आजी न्हवतीच तिथं. गाडीच हुती. मग मी गप बसले."

कल्याण ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून रडायला लागला. त्या दिवशी तो तुकडा तसाच उभा ठेवून टोळी परतली.

संध्याकाळी मी कोपीवर गेले. पंकजा भाकरी थापत होती. चिमी आजीच्या मांडीवर होती. मावशीचा घसा बसला होता, तरी सवयीने तिच्या ओठांतून ती चाल अगदी बारीक बाहेर पडली. चिमीने चमकून दाराबाहेर पाहिलं. रस्ता मोकळा होता. मग तिने वळून आजीचं तोंड निरखलं आणि आपला हात तिच्या ओठांवर ठेवला.

"आता म्हन," ती म्हणाली.

मावशीने तोंड उघडलं. तिला म्हणता आलं नाही.