सुट्टा स्क्रू मिळेल

काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात सगळं होतं, फक्त सापडत नव्हतं. कुणी नळाची चकती मागितली की काका माळ्याकडे बघत म्हणायचे, "आहे, पण उद्या या." बाजारात त्यांचं नावच ‘उद्याकाका’ पडलं होतं. दुपारी ते खुर्चीतच घोरायचे. काकूंनी टोकलं तर उत्तर ठरलेलं : "गिऱ्हाईक जातंय कुठे?"

गिऱ्हाईक समोर गेलं. रस्त्यापलीकडे तीन मजली, थंडगार, चकाचक दुकान उघडलं आणि बादल्या, शिड्या घेतलेली हसतमुख माणसं काकांच्या नाकासमोरून जाऊ लागली. शेजारच्या प्लास्टिकवाल्याने तर गाशाच गुंडाळला. तेव्हा मात्र काकांची झोप उडाली.

"शत्रूच्या गोटात जाऊन येतो," म्हणत ते गॉगल लावून निघाले. परतले ते दोन्ही हातांत पिशव्या घेऊन.

"अहो, हेरगिरीला गेला होतात की खरेदीला?"

"अगं, ही बादली बघ! आपल्याला घाऊकात पडते त्याहून स्वस्त!"

काकूंनी कपाळावर हात मारला. पिशव्या उपसताना काका पुढे म्हणाले, "एकाला एकच स्क्रू हवा होता, तर म्हणे पाकीटच घ्या. बिचारा हात हलवत गेला."

काकू थबकल्या. "मग आपण बादल्या विकायच्याच कशाला? सुट्टे स्क्रू विकू!"

दोघांनी दुकान उपसलं. गंजक्या कड्या निघाल्या, वाळलेली पाल निघाली आणि काकांनी वर्षानुवर्षं ‘उद्या’वर ढकललेला पोतंभर माल निघाला. काकूंनी प्रत्येक डब्यावर आतल्या वस्तूचा नमुना चिकटवला. अर्धी जागा मोकळी झाली, तिथे त्या किल्ल्या बनवायला बसल्या. शिवाय त्यांनी समोरच्या दुकानाच्या रखवालदाराला त्याच्या घराचं कुलूप फुकट दुरुस्त करून दिलं. तेव्हापासून रिकाम्या हाताने बाहेर पडणाऱ्याच्या कानात तो पुटपुटू लागला, "सुट्टं हवंय? पलीकडे जा."

एक दिवस समोरच्या दुकानाचा मॅनेजर तणतणत आला. "तुम्ही आमची गिऱ्हाइकं पळवता?"

"तुम्ही घाऊकात नेलीत," काकू म्हणाल्या, "आम्ही किरकोळीत आणतोय."

त्यालाही हसू फुटलं आणि बिचारा परत गेला.

आता निम्म्या जागेत पूर्वीपेक्षा जास्त विक्री होते. काकांचं पोट उतरलंय. धंद्याचं विचारलं की ते कुरकुरतात, "मेलं, पाठ टेकायला उसंत नाही!" आणि मिशीत हसतात.